रीफ टँकवाल्यांनी तयार फर्स्ट एड किट घ्यावं का? वापरून पाहिलेला रिव्ह्यू

ज्याच्याकडे रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरलचा (प्रवाळाचा) खाऱ्या पाण्याचा टँक आहे त्याच्याकडे हीटर स्पेअर असतो, पंप स्पेअर असतो, टेस्ट किट तर दोन-दोन कंपन्यांचे असतात, आणि बोट कापलं की मात्र घरभर एक पट्टी सापडत नाही. म्हणून मी एक तयार फर्स्ट एड किट घेतलं, ते लाल पिशवी आणि वर पांढरा क्रॉस वगैरे असतं ना तसलं. कंपनीचं नाव देत नाही कारण दुसरीकडचीही उघडून बघितली, आतला माल थोड्याफार फरकाने सगळीकडे तोच असतो. बरेच महिने वापरून, अर्धं काढून टाकून आणि अर्धं नव्याने भरून आता जे काही उरलंय त्यावर हा रिव्ह्यू आहे. माझ्याकडून पाचपैकी दोन स्टार, आणि ते दोन पण गॉझ आणि चिकटपट्टीला.

आधी किटची बाजू घेतो, त्याची काही चूक नाहीये. ते बनवलंय सुरीने कापलं, गुडघा फुटला असल्या जखमांसाठी. कोरलची जखम दिसायला तशीच पण आत भानगड वेगळी असते. ॲक्रोपोरा, मॉन्टिपोरा असल्या कडक कोरलचा सांगाडा म्हणजे अ‍ॅरागोनाइट, कॅल्शियम कार्बोनेटच, त्याच्या कडा बारीक आणि ठिसूळ, त्यामुळे कातडी फाटते आणि वर त्याचे तुकडेही आत मोडून राहतात. त्यावर कोरलचा बुळबुळीत म्युकस, मेलेला टिश्यू, टँकमधले बॅक्टेरिया. आणि कोरल जिवंत असेल तर डंख मारणाऱ्या पेशी, त्यांचं अजून वेगळंच. म्हणजे कापणं, चावणं आणि घाण जाणं तिन्ही एकदम. शिवाय हात अर्धा तास पाण्यात असतो, कातडी फुगून मऊ झालेली असते, ओरखडा कधी गेला ते कळतच नाही, हात बाहेर काढल्यावर चरचरायला लागतं तेव्हा समजतं. आणि दरवेळी दोषी कोरलच असतो असं पण नाही, दगडावर त्या व्हर्मेटिड गोगलगाईंच्या नळ्या असतात ना, त्या ब्लेडसारख्या कापतात, आणि ब्रिसल वर्मचे केस घुसले तर ते चिमट्याने एकेक काढत बसू नका, मोडतात, चिकटपट्टी दाबून ओढून काढा, बरेचसे तिच्याबरोबर येतात. किटमधली चिकटपट्टी मी सगळ्यात जास्त याच कामाला वापरली.

आता धुण्याचं, कारण माझ्या मते सगळा खेळ तिथेच आहे आणि किट तिथेच फेल आहे. किटमध्ये सलाईनची एक छोटीशी प्लास्टिकची कुपी मिळते, डोळ्यात टाकायच्या ड्रॉप्सएवढी, त्यात बोटाचं एक पेरसुद्धा नीट धुऊन होत नाही. कोरलच्या जखमेला भरपूर पाणी लागतं, वाहतं, आणि साबण, आणि पाच मिनिटं तरी नळाखाली उभं राहण्याचा पेशन्स. पिण्यायोग्य नळाचं पाणी साध्या जखमेला सलाईनइतकंच चालतं, यावर बराच अभ्यास झालाय, त्याने इन्फेक्शन जास्त होतं असं काही दिसलेलं नाही, त्यामुळे सलाईनच्या मोठ्या बाटल्या भरून ठेवायची गरज नाही. साबण साधा, वासबिस नसलेला. चरचरेल, चरचरू दे, आणि मऊ गॉझने हलकं घासा कारण नुसतं पाणी सोडून तो म्युकस निघत नाही. खोल ओरखडा असेल तर २० मिलीची सिरिंज, सुई न लावता, तिने जोरात पाणी मारलं की फटीतली कणी बाहेर येते. आपल्याकडे कोरलला खायला घालायच्या सिरिंज पडलेल्याच असतात पण त्या नका वापरू, पॅकबंद वेगळी ठेवा.

एक अपवाद. जखमेपेक्षा डंख जास्त असेल, म्हणजे टॉर्च, हॅमर, गॅलेक्सिया या कोरलचे टेंटॅकल (डंख मारणारे लांब धागे) लागलेत आणि बारीक लाल ठिपक्यांची रांग उठलीये, भाजल्यासारखं होतंय, तर पहिल्यांदा गोडं पाणी नको. कातडीवर न फुटलेल्या डंखपेशी असतात आणि गोड्या पाण्याने त्या फुटू शकतात, म्हणून आधी खारं पाणी. टँकमधलं नाही हं, त्यात बॅक्टेरिया आहेत, वॉटर चेंजसाठी बादलीत नवीन मिसळून ठेवलेलं असतं ते. या बाबतीत आपण रीफवाले नशीबवान, बाकी कुणाच्या घरी ताजं समुद्राचं पाणी तयार नसतं. ते ओतायचं, चोळायचं नाही, टेंटॅकलचा चिकट भाग दिसला तर चिमट्याने उचलायचा, आणि मग नेहमीसारखं साबण-पाणी. गॅलेक्सियाचे स्वीपर टेंटॅकल रात्री चांगले लांब बाहेर येतात, त्यामुळे लाईट बंद झाल्यावर आत हात घालायची खोड असेल तर ती आधी सोडा.

चिमटा. किटमधला प्लास्टिकचा होता, त्याने पापणीचा केस उचलेल कदाचित, कोरलची कणी नाही. टोकदार स्टीलचा घेतला, बरोबर एक भिंग आणि डोक्याला लावायची बॅटरी. कणी पांढरी असते आणि धुतलेली कातडीपण पांढरट दिसते, तिरपा प्रकाश टाकला की सावलीमुळे दिसते. आणि जखम टँकच्या निळ्या लाईटमध्ये बघू नका, रक्त काळं दिसतं आणि बाकी काहीच कळत नाही. वरवरची कणी काढायची, खोल असेल तर खणत बसायचं नाही, डॉक्टर कशाला आहेत. सांध्यावर असेल किंवा बोट वाकवताना आत टोचत असेल तर तर अजिबात घरचे प्रयोग नको.

हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली किटमध्ये होती आणि ही मला सगळ्यात फसवी वस्तू वाटते. फेस येतो म्हणून वाटतं की काहीतरी भारी साफ होतंय, पण तो फेस येतो कारण रक्तात आणि पेशींमध्ये कॅटलेज नावाचं एन्झाइम असतं, ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. आणि या नादात भरून येणाऱ्या नव्या पेशींनाही मार बसतो. माझी बाटली आता टँकच्या कपाटात गेली, फ्रॅगवरचं (वाढवायला तोडून लावलेल्या कोरलच्या तुकड्यावरचं) केसाळ शेवाळ काढायला, तिथे ती मस्त काम करते. अल्कोहोलचे वाइप्स पण जखमेवर नाही, चिमटा पुसायला ठेवलेत.

पोव्हिडोन आयोडीन मात्र ठेवलं. धुऊन झाल्यावर एकदा, पातळ करून, बस. रोज दोन वेळा महिनाभर लावायचं औषध नाही ते, आणि थायरॉइडचा त्रास असेल किंवा आयोडीन सोसत नसेल तर डॉक्टरला विचारून. गंमत म्हणजे कोरल डिपमध्येही (कोरल बुडवून साफ करायचं द्रावण) बऱ्याचदा आयोडीनच असतं, तरी डिपची बाटली जखमेवर ओतायची आयडिया कुणी काढू नका, ते माणसासाठी बनवलेलं नाही. आणि आयोडीन लावलेलं बोट लगेच टँकमध्ये घालू नका, खरंतर जखम असलेलं बोट भरेपर्यंत टँकमध्ये घालूच नका, कुठलंच.

व्हिनेगर. हे किटमध्ये नव्हतं, बाहेरून टाकलं, पण त्याचा महिमा लोक फार वाढवून सांगतात. फायर कोरल आणि हायड्रॉइड यांच्या डंखाला ते सुचवलं जातं, फायर कोरल तर खरा कोरलसुद्धा नाही, हायड्रोझोआ या वेगळ्या गटातला आहे, मिलेपोरा. साधा ५ टक्क्याचा व्हिनेगर ठीक आहे. पण कापलेल्या जखमेत ओतून काही फायदा नाही. काही जण म्हणतात व्हिनेगर कॅल्शियम कार्बोनेट विरघळवतं म्हणून आतली कणी विरघळेल. केमिस्ट्री बरोबर आहे, पंप आपण त्यातच भिजवून साफ करतो, पण पंपाला किती वेळ भिजवावा लागतो आठवा. तेवढा वेळ उघड्या जखमेवर ॲसिड, कोणाच्याने होणार आहे. चिमटा घ्या.

मलमाबद्दल जरा जास्त लिहितो कारण इथे लोकांचा घोळ होतो. किटमध्ये तीन अँटिबायोटिकवालं मलम होतं, त्यातलं एक निओमायसिन. निओमायसिनची ॲलर्जी बऱ्याच लोकांना असते, इतक्या की अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१० साली त्याला त्या वर्षाचा ॲलर्जन म्हणून निवडलं होतं, त्यांचा असा दरवर्षीचा प्रकार असतो. तर होतं काय, कोरल लागला, मलम लावलं, दोन-तीन दिवसांनी आजूबाजूला लाल होऊन खाज सुटली, की माणूस म्हणतो कोरलचं विष पसरतंय आणि अजून मलम थापतो. ते मलमामुळेही असू शकतं, आणि कोरलच्या जखमेत ओळखायला अवघड कारण कोरलची खाज पण उशिराच येते. म्हणून मी साधी पेट्रोलियम जेली वापरतो. स्वच्छ जखमेला तिने काही कमी पडत नाही, १९९६ साली छोट्या सर्जरीनंतरच्या जखमांवर जेली आणि बॅसिट्रासिन यांची तुलना झाली होती, इन्फेक्शनमध्ये म्हणावा असा फरक निघाला नाही. आणि जखम उघडी ठेवून सुकवायची ही जुनी समजूत, ती १९६२ लाच मागे पडायला लागली जेव्हा विंटर नावाच्या संशोधकाने डुकरांवर दाखवलं की ओलसर झाकलेली जखम कोरड्या खपलीपेक्षा लवकर भरते. मग जेली, वर गॉझ, चिकटपट्टी, रोज बदलायचं आणि बदलताना बघायचं. पट्ट्या किटमधल्या बऱ्या आहेत, कापूस फेकून द्या, जखमेत तंतू सोडतो.

फ्रॅगिंगच्या ग्लूबद्दल पण सांगायला हवं, कारण प्रत्येकाकडे ती जेलवाली सुपर ग्लूची ट्यूब असते आणि कुणीतरी हमखास सांगतो की टाकून दे थोडी, डॉक्टरपण ग्लूच लावतात. डॉक्टर लावतात ती वेगळी, वैद्यकीय सायनोअ‍ॅक्रिलेट, आणि स्वच्छ केलेल्या सरळ कापावर. कोरलची जखम म्हणजे आत घाण असायची शक्यता असलेली जखम, तिच्यावर झाकण लावलं की बॅक्टेरियाला बंद खोली आयती मिळाली. अजून एक, फ्रॅग चिकटवताना सुती हातमोजे घालू नका. सुती कापडावर सायनोअ‍ॅक्रिलेट सांडलं की झपाट्याने कडक होतं आणि चांगलंच तापतं, भाजण्याइतकं.

आता हातमोजे, जे खरंतर किटमध्ये असले तरी ते पातळ, एकाच साइजचे, आणि दोनच. पातळ नायट्राइल ग्लोव्ह डंख आणि म्युकस अडवतो, सांगाड्याची कड नाही, ती फाडून आत येते आणि वर फाटक्या ग्लोव्हमध्ये टँकचं पाणी साचून बसतं ते वेगळं. तरी मी नायट्राइलच सांगेन, जाड वाला, पावडर नसलेला. लॅटेक्सची ॲलर्जी असणारे बरेच असतात म्हणून ते नको. खांद्यापर्यंतचे लांब रबरी मोजे पण वापरून बघितले, हात छान कोरडा राहतो पण बोटांना काही जाणवत नाही आणि फ्रॅग रॅकवरचे दोन-चार फ्रॅग पाडल्याशिवाय हात बाहेर येत नाही. दगड हलवायला ते ठीक. बारीक कामाला नायट्राइल, आणि कोरल शक्यतो लांब चिमट्याने धरा.

झोआ आणि पॅली (झोअँथिड आणि पॅलिथोआ, टँकमध्ये ठेवतात ते कोरलसारखे मऊ प्राणी) असतील तर मात्र ग्लोव्हवर चर्चाच नको, घाला, आणि डोळ्यावर चष्मा पण. यातल्या काहींमध्ये, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन असतं. हे विष वेगळं काढल्याचं हवाईच्या संशोधकांनी १९७१ साली छापलं, आणि ते पेशीत क्षार आत-बाहेर करणाऱ्या सोडियम-पोटॅशियम पंपालाच पकडून त्याचं उघडं दार करून टाकतं. नुसत्या सांभाळून ठेवलेल्या कॉलनीजवळ बसलं म्हणून काही होत नाही, घाबरू नका. धोका म्हणजे कापताना उडणारा फवारा, फुटलेला ग्लोव्ह, हातावरची जुनी जखम, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पॅली काढायला दगड उकळणं किंवा त्यावर गरम पाणी ओतणं, कारण उष्णतेने ते विष मरत नाही, वाफेबरोबर हवेत येतं आणि घरातल्या सगळ्यांच्या छातीत जातं. अलास्कामध्ये २०१२ ते २०१४ दरम्यान दुकानात आणि घरात असे श्वासातून झालेले प्रकार नोंदवले गेलेत. तोंडाला धातूची चव, ओठ किंवा बोटं बधिर, ताप, अंगदुखी, धाप लागणं, असं काही वाटलं की घरातल्या सगळ्यांना बाहेर काढा आणि सरळ हॉस्पिटल, आणि तिथे पॅलिटॉक्सिन हा शब्द सांगा. डोळ्यात उडालं तर वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि मग तरीही दाखवायला जाच. कुठलंही किट इथे उपयोगाचं नाही.

खाजेसाठी १ टक्का हायड्रोकॉर्टिझोन हे स्टेरॉइड क्रीम आणि सेटिरिझिन ही ॲलर्जीची गोळी, हे दोन्ही मी किटमध्ये टाकलं. गोळीने काहींना झोप येते. क्रीम फक्त न फुटलेल्या कातडीवर, उघड्या जखमेवर नाही. कोरलची खाज एकदा जाऊन काही दिवसांनी त्याच जागी परत येऊ शकते, ती शरीराची उशिराची रिॲक्शन असते. पण तिथे गाठ असेल तर हे क्रीम हातातसुद्धा घेऊ नका, का ते पुढे.

मायकोबॅक्टेरियम मरिनम. टीबीच्या जंतूचा लांबचा भाऊ, १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयात मेलेल्या माशांमध्ये सापडला होता, गोड्या आणि खाऱ्या दोन्ही टँकमध्ये असू शकतो. याला ३० ते ३२ अंश आवडतं, ३७ ला नीट वाढत नाही, म्हणून तो बहुतेक वेळा थंड भागात राहतो, बोटं, हात. ओरखडा भरून जातो, तुम्ही विसरून पण जाता, आणि दोन-चार आठवड्यांनी, कधी त्याहून बऱ्याच उशिरा, त्या जागी लालसर-जांभळी गाठ येते, दुखतेच असं नाही, नेहमीच्या मलमाने हलत नाही, आणि कधीकधी हातावर वरच्या दिशेने रांगेत अजून गाठी येतात. स्टेरॉइडने हे वाढू शकतं. आणि गोची अशी की डॉक्टरला टँकबद्दल सांगितलं नाही तर त्यांच्या डोक्यात हे येण्याचं काही कारणच नाही, बायोप्सी केली तरी लॅबला कमी तापमानावर वाढवा असं मुद्दाम सांगावं लागतं, नाहीतर रिपोर्ट कोराच येऊ शकतो. औषध आहे, बरं होतं, पण काही महिने घ्यावं लागतं. किटबरोबर आलेल्या पुस्तिकेत मधमाशी आहे, साप आहे, हे नाही. त्या पुस्तिकेच्या जागी मी एक कार्ड ठेवलंय, त्यावर 'खाऱ्या पाण्याचं ॲक्वेरियम, कोरल हाताळतो', खाली जखम झाल्याची तारीख, आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते. साध्या स्वच्छ जखमेला दहा वर्षं, घाण जखमेला पाच वर्षं उलटून गेली असतील तर बूस्टर, आणि कोरलची जखम मी तरी घाण मध्येच धरतो.

या सगळ्या किटमध्ये पाच स्टार मी ज्याला देईन ती वस्तू म्हणजे बॉलपेन. लाली दिसली की तिच्या कडेने रेघ मारायची आणि वेळ लिहायची. थोडी लाली पहिल्या दिवशी असतेच, पण ती रेघ ओलांडून पुढे गेली, किंवा हातावर लाल पट्टा चढायला लागला, ताप आला, पू, जखमेच्या मानाने फारच दुखतंय, पाण्याचे किंवा काळपट फोड, यातलं काहीही असेल तर सकाळची वाट बघायची नाही. खाऱ्या कोमट पाण्यात व्हिब्रिओ नावाचे बॅक्टेरिया असतात आणि त्यातले काही तर दिवसांत नव्हे, तासांत पसरतात. डायबेटीस, लिव्हरचा आजार, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, यातलं काही असणाऱ्यांनी तर छोट्या ओरखड्यालाही लवकर दाखवावं.

तर घ्यावं का? रिकामी पिशवी आवडली तर घ्या, आणि आतलं स्वतः भरा. माझ्याकडे आता गॉझ, चिकटपट्टी, सिरिंज, स्टीलचा चिमटा, तो पुसायला अल्कोहोलचे वाइप्स, भिंग, डोक्याची बॅटरी, पेट्रोलियम जेली, आयोडीन, हायड्रोकॉर्टिझोन, सेटिरिझिन, व्हिनेगरची छोटी बाटली, नायट्राइल ग्लोव्ह, कार्ड आणि पेन एवढंच आहे. ते त्रिकोणी बँडेज पण आहे अजून, का ते माहीत नाही, काढायचं राहिलंय. आणि पिशवी टँकच्या खालच्या कपाटात ठेवू नका, तिथे दमट असतं आणि मिठाचा थर सगळीकडे चढतो, किटमधल्या कात्रीला तिथेच गंज लागला, चिमटा मी वेळेत हलवला.